डॉक्टरांचे हात गुंतलेले असताना

दातांच्या डॉक्टरची एक अडचण इतर डॉक्टरांना सहसा नसते. काम चालू असताना त्याला मान वर करता येत नाही. फॅमिली डॉक्टर पेशंट तपासता तपासता कंपाउंडरला हाक मारतो, दारात कोण आलं ते पाहतो, फोनही घेतो. दातांच्या डॉक्टरचे दोन्ही हात पेशंटच्या तोंडात, स्वतःच्या तोंडावर मास्क, कानाशी हँडपीसची घरघर आणि पाठ बहुतेक वेळा दाराकडे. बाकावर कोण किती वेळ ताटकळलंय, मागच्या खोलीत औजारं नीट घासली जातायत का, फोनवर कोणाला काय सांगितलं गेलं, पैसे कोणी घेतले, हे सगळं त्याच्या पाठीमागे घडतं. तरी दवाखान्याचा प्रमुख तोच, आणि चूक झाली तर नावही त्याचंच.

लहान दवाखान्यातली माणसं कशी निवडावीत, शिकवावीत, टिकवावीत, याबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतांशी शहरातल्या, पाच-सहा खुर्च्यांच्या, मॅनेजर ठेवणाऱ्या क्लिनिकांना समोर ठेवून. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात त्यातलं काय टिकतं, हा या लेखाचा विषय. डोळ्यापुढे शेणवा धरलं आहे. शहापूरहून किन्हवली-डोळखांबच्या बाजूला निघालं की वाटेत लागणारं, प्राथमिक आरोग्य केंद्र असलेलं, आसपासच्या गावपाड्यांची ये-जा असलेलं गाव. अशा गावातला खासगी दाताचा दवाखाना म्हणजे साधारण एक खुर्ची, एक डॉक्टर, एक किंवा दोन असिस्टंट, झाडलोटीला मावशी, अधूनमधून येणारे ऑर्थोचे (वाकडे दात सरळ करणारे) किंवा सर्जरीचे डॉक्टर आणि मापं घेऊन जाणारा लॅबचा माणूस. पाच जणांच्या या गोतावळ्याला 'टीम' म्हणताना डॉक्टरांनाच हसू येतं. पण मोठ्या रुग्णालयात मेट्रन, एचआर, स्टोअरकीपर आणि इन्फेक्शन कंट्रोल नर्स मिळून जे करतात ते सगळं इथे याच पाच जणांना करायचं असतं, आणि एक जण आला नाही तर उरलेल्या चौघांना.

डॉक्टर या कामासाठी तयार होऊन येत नाहीत, यात त्यांचा दोष कमी. बीडीएस म्हणजे चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. भारतीय दंत परिषदेच्या २००७च्या अभ्यासक्रमात सार्वजनिक दंतआरोग्य या विषयात दवाखान्याच्या व्यवस्थापनाचा एक छोटा भाग आहे. त्यात जागेची निवड, दवाखान्याची रचना, उपकरणांची निवड आणि नोंदी-हिशेब-तपासणी असे मुद्दे येतात. जागा आहे, भिंती आहेत, यंत्रं आहेत, वह्या आहेत, फक्त माणसं नाहीत. कॉलेजच्या ओपीडीत विद्यार्थ्याला असिस्टंट क्वचितच मिळते. तो स्वतःच ट्रे लावतो, सिमेंट कालवतो, सक्शन धरतो. पुढे दवाखाना टाकल्यावर पहिल्यांदाच त्याच्या हाताखाली कोणी येतं, आणि तो तिला आपल्या हाताचं लांबलेलं बोट समजतो. ती स्वतंत्र विचार करणारी सहकारी आहे हे ध्यानात यायला काही वर्षं जातात. काहींच्या कधीच येत नाही.

खुर्चीपाशी दुसरं माणूस असावं ही कल्पना तशी जुनी नाही. १८८५ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिअन्सच्या एडमंड केल्स यांनी माल्विना क्युरिया या तरुणीला मदतनीस म्हणून ठेवलं, आणि 'दवाखान्यात बाई हजर असतात' अशा अर्थाची पाटी लावली. तोवर एकट्या बाईनं दंतवैद्याकडे जाणं प्रशस्त मानलं जात नसे. म्हणजे या व्यवसायातली पहिली असिस्टंट मुळात पेशंटच्या मनातली भीती घालवायला आली, औजारं द्यायला नंतर. पाड्यावरून आलेल्या बाईला आजही आत कोणी ताई दिसली की जरा हायसं वाटतं. १९०६मध्ये आल्फ्रेड फोन्स यांनी आपल्या असिस्टंटला, आयरीन न्यूमन यांना, दात साफ करायला शिकवलं आणि १९१३मध्ये त्याची शाळाच काढली. न्यूझीलंडने १९२१पासून शाळांमध्ये मुलांचे दात बघायला खास परिचारिका तयार केल्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर 'चार हातांनी' काम करण्याची पद्धत रूढ झाली. पेशंटचं तोंड घड्याळाची तबकडी मानून डॉक्टरची, असिस्टंटची आणि औजारांच्या देवाणघेवाणीची जागा ठरवायची, म्हणजे डॉक्टरला नजर हलवावी लागत नाही.

आपल्याकडे १९४८च्या दंतवैद्यक कायद्याने तिघांची नोंद मानली: दंतवैद्य, हायजिनिस्ट आणि मेकॅनिक, म्हणजे कवळ्या-कॅप बनवणारा तंत्रज्ञ. खुर्चीपाशी दिवसभर उभी राहणारी असिस्टंट त्या यादीत नव्हती. त्यामुळे खेडोपाडी तिचं शिक्षण, तिचा दर्जा, तिचा पगार, सगळं एकाच माणसाच्या मर्जीवर राहिलं.

शेणव्यासारख्या ठिकाणी त्यात आणखी एक उलटापालट होते. कल्याण-डोंबिवलीहून येणारा डॉक्टर कसारा लोकलने आसनगावला उतरतो आणि तिथून एसटीने किंवा दुचाकीने पोचतो. असिस्टंट गावातली किंवा शेजारच्या पाड्यावरची असते. नावाने मालक असलेला माणूस गावात पाहुणा, आणि पगारी माणूस घरचा. कोणाचा शब्द उधारीला चालतो, कोण मशेरी लावते पण विचारलं तर नाही म्हणेल, कोणत्या पाड्याची माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, हे तिला माहीत. रूट कॅनालच्या तीन खेपा मार्गशीर्षात सुरू करायच्या की नाहीत, हा निर्णय क्ष-किरणाइतकाच या माहितीवर ठरायला हवा. दात अर्धवट उघडून माणूस भिवंडीच्या भट्टीवर गेला तर तो दात गेलाच. ठाकूर किंवा कातकरी म्हातारी डॉक्टरच्या प्रश्नाला नुसती मान हलवते, तिच्या बोलीत तोच प्रश्न पुन्हा विचारला की रक्तदाबाची गोळी बंद केल्याचं सांगते. डॉक्टर हुशार असेल तर सकाळी दवाखाना उघडण्याआधी दहा मिनिटं असिस्टंटला बोलू देतो. आज कोण येणार, कोणाचं काय राहिलंय, कोणाला शेवटची एसटी गाठायची आहे. त्या दहा मिनिटांत तो तिला हुकूम सोडत बसला तर गावाची माहिती बंद होते.

वेळापत्रकाचंही तसंच. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अपॉइंटमेंटची शहरी वही इथे चालत नाही. माणसं एसटीच्या वेळेनुसार येतात, झुंडीने येतात, आणि गाल सुजल्याशिवाय येतच नाहीत. म्हणून सकाळचा पहिला भाग दुखणाऱ्या दातांना, दुपार लांबच्या कामांना, आणि परतीच्या बसच्या आधीचा वेळ टाके काढणं, कॅप बसवणं अशा किरकोळ कामांना, अशी विभागणी जास्त टिकते. ती राबवायची कोणी? बाकावर बसलेल्यांना 'तुमचा नंबर नंतर' असं सांगण्याचा अधिकार असिस्टंटला दिला असेल तरच ती टिकते. गावातला वजनदार माणूस मधे घुसला आणि डॉक्टरांनी आतून 'येऊ दे' म्हटलं की तिचा अधिकार त्या दिवसापुरता संपतो. दोन-तीनदा असं झालं की कायमचा.

शेतीचं चक्रही लक्षात घ्यावं लागतं. पावसाळ्यात भाताची आवणी, दिवाळीच्या आसपास कापणी आणि झोडणी, पौषात म्हसा यात्रा, चैत्र-वैशाखात लग्नं. या काळात असिस्टंट, मावशी दोघीही रजा मागणार हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठाऊक असतं. तरी दर वर्षी डॉक्टरांना ते अचानक घडल्यासारखं वाटतं आणि 'या लोकांना कामाचं गांभीर्यच नाही' हा उद्गार निघतो. आवणीचे आठ-दहा दिवस पाळीपाळीने वाटून द्यावेत, तेव्हा दवाखाना अर्धा दिवस चालवावा, हे कॅलेंडरवर आधी लिहून ठेवलं तर वाद उरत नाही. पेशंटही तेव्हा शेतातच असतात.

माणसं तयार करण्याच्या बाबतीत महाराष्ट्राकडे जगाला दाखवण्यासारखं एक काम आहे, ते दातांचं नाही एवढंच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला काम सुरू केलं. शिकलेल्या नर्सेस गावात राहायला तयार होईनात. मग गावांनीच निवडलेल्या बायकांना शिकवायचं ठरलं. त्यातल्या बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. त्या आठवड्याला जामखेडला एकत्र जमत, आपापल्या गावात काय झालं ते सांगत, थोडं नवं शिकत आणि परत जात. शिकवणं एका दमात उरकलेलं नव्हतं. ते वर्षानुवर्षं, थोडं थोडं आणि एकमेकींकडून चाललं. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना घरोघर नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, आणि १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले.

दोन्ही ठिकाणांहून दाताच्या लहान दवाखान्याने उचलण्यासारखी गोष्ट एकच, पण ती महत्त्वाची. बारावी विज्ञान किंवा नर्सिंगचा कुठला तरी कोर्स केलेली मुलगी शोधत वर्ष घालवण्यापेक्षा गावातल्या एखाद्या समजूतदार, हाताने नीटनेटक्या बाईला घ्यावं आणि दर आठवड्याला एक गोष्ट पक्की शिकवावी. माझं स्वतःचं मत विचाराल तर तिशीतली, पोरं शाळेत जाणारी, गावातच नांदणारी बाई सर्वांत बरी. तरुण मुली हुशार असतात, पण लग्न होऊन मुरबाडच्या किंवा वाड्याच्या बाजूला जातात, आणि मुलगे आसनगाव-मुरबाडच्या कारखान्यांत नाहीतर पडघ्याच्या गोदामांत जास्त पगारावर. त्यांना त्यासाठी बेइमान म्हणण्यात अर्थ नाही.

मात्र ही तुलना फार ताणूही नये. जामखेड, गडचिरोली या संस्था आहेत, देणग्या आणि संशोधनाच्या निधीवर उभ्या. दाताच्या दवाखान्याला खुर्चीचा हप्ता भरायचा असतो. आणि गडचिरोलीतली आरोग्यदूत, म्हणजे 'सर्च'ने शिकवलेली गावातली बाई, बाळाला इंजेक्शन देते, तर आमच्या असिस्टंटनं भूल का देऊ नये, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर स्पष्ट आहे. तिथे आखून दिलेली पद्धत, देखरेख आणि मोजमाप होतं. इथे डॉक्टर टिटवाळ्याला रखडलेल्या लोकलमध्ये असतो आणि बाकावर दुखण्याने कळवळणारा माणूस असतो. हलणारा दात असिस्टंटनं चिमट्याने काढून देणं, मागच्या वेळची गोळी पुन्हा देणं, हे अशाच सकाळी सुरू होतं, आणि नोंदणी नसलेल्या माणसाने दंतवैद्यकी करणं हा गुन्हा आहे. सुरुवात बहुधा चांगुलपणातूनच होते. म्हणून ती काय काय करू शकते याच्या यादीपेक्षा काय कधीही करायचं नाही याची यादी छोटी, ठळक आणि भिंतीवर हवी: सुई नाही, गोळी नाही, ड्रिल नाही, दात काढणं नाही. डॉक्टरांना उशीर झाला तर पेशंटला काय सांगायचं आणि श्वासापर्यंत सूज आली असेल तर थेट शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे कसं पाठवायचं, तेही त्याखाली.

क्ष-किरणाची फिल्म पेशंटच्या तोंडात बोटाने धरून उभं राहायचं नाही, हेही त्याच यादीत जावं. अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेतच, पण ज्यांनी पहिली असिस्टंट ठेवली त्या केल्स यांचीच कहाणी पुरेशी आहे. दातांच्या क्ष-किरणाचे ते अमेरिकेतले आद्य प्रयोगकर्ते. किरणांनी त्यांच्या हाताला कॅन्सर झाला, आधी बोटं गेली, मग हात, आणि १९२८मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं.

आता या सगळ्या प्रश्नाचा गाभा. दवाखान्यात सर्वांत महत्त्वाचं काम मागच्या खोलीत होतं: औजारं भिजवणं, घासणं, पिशवीत भरणं, वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह लावणं. साधारण १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, तितका ताप आणि दाब आल्यावर किमान १५ ते २० मिनिटं. तापायला आणि सुकायला लागणारा वेळ धरला की एका घाण्याला पाऊण तास ते तास सहज जातो. आता शेणव्यातला उन्हाळा घ्या. मुंबईला पाणी पुरवणारी भातसा, तानसा ही धरणं याच तालुक्यात, आणि याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. दवाखान्यालाही टाकी कोणी भरली, ऑटोक्लेव्हचं शुद्ध पाणी किती उरलंय, याचा हिशेब ठेवावा लागतो. त्यात वीज जाते. घाणा मध्येच थांबला तर वीज आल्यावर उरलेली मिनिटं पुरी करून चालत नाही, पहिल्यापासून पुन्हा लावावा लागतो. पिशवीवरची पट्टी रंग बदलते ती फक्त ताप लागल्याची खूण. जंतू खरंच मेले का हे जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी लावल्यावरच कळतं.

वीज गेली होती हे माहीत कोणाला? असिस्टंटला. डॉक्टरचा हँडपीस इन्व्हर्टरवर चालू असतो, त्याला पत्ताही नसतो. बाकावर आठ जण, बाहेर शेवटच्या एसटीची घाई, आणि डॉक्टर हात पुढे करून म्हणतो, 'फोर्सेप्सचा ट्रे दे.' अशा वेळी दवाखान्यातली सर्वांत कमी पगाराची बाई 'सर, ट्रे तयार नाहीत, अजून तास लागेल' असं पेशंटसमोर म्हणू शकते का? आणि म्हटल्यावर डॉक्टरच्या कपाळावर आठी येते, की तो शांतपणे पेशंटला थांबायला सांगतो? माझ्या मते लहान दवाखान्यातल्या नेतृत्वाची परीक्षा इथेच होते. बाकीचं, म्हणजे वाढदिवसाचा केक, दिवाळीची साडी, गणवेश, चांगलंच आहे, पण त्याने ही परीक्षा सुटत नाही. एकदा आठी आली की पुढच्या वेळी ट्रे मिळतो. तो कसा तयार झाला हे कोणी विचारत नाही.

बोलण्याची ही मुभा कशी तयार होते यावर जगभर काम झालं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावातून अमेरिकेत गेलेल्या डॉ. आत्माराम गावंडे यांचा मुलगा, शल्यविशारद अतुल गावंडे, जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टमागच्या गटाचा प्रमुख होता. २००९मध्ये आठ देशांतल्या आठ रुग्णालयांमधले तिचे निकाल प्रसिद्ध झाले. दिल्लीही त्यात होती. गुंतागुंत आणि मृत्यू दोन्ही घटले. त्या यादीतली एक ओळ वरवर फालतू वाटते: चिरफाड सुरू करण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगावं. पण सुरुवातीला एकदा आवाज फुटला की पुढे काही चुकतंय असं दिसल्यावर तोच माणूस बोलायला कचरत नाही, असा त्यामागचा विचार. एका खुर्चीच्या दवाखान्यात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे नाव सांगण्याची गरज नाही. पण दात काढण्याआधी असिस्टंटनं पेपर बघून 'चार-सहा, खालची उजवीकडली पहिली दाढ, शुगर विचारली, जेवून आलेत' एवढं मोठ्याने म्हणावं आणि पेशंटनं बोटाने दाढ दाखवावी, यात अर्धं मिनिट जातं. उजवं-डावं हे पेशंटचं धरायचं, समोरच्या माणसाचं नाही, यात भल्याभल्यांचा घोटाळा होतो. चुकीची दाढ परत लावता येत नाही.

सुई टोचण्याच्या बाबतीतही हाच बोलण्याचा प्रश्न येतो. वापरलेली सुई बोटात गेली तर असिस्टंट बहुतेकदा लपवते, कारण पहिलं वाक्य 'लक्ष कुठे होतं तुझं?' असणार हे तिला माहीत असतं. खरं तर लगेच साबण-पाण्याने धुवून, पिळत न बसता, सरकारी रुग्णालयात जायचं असतं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं बरं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी तर खाटा नसलेल्या छोट्या दवाखान्यांवरही कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देण्याची, रुजू होताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण देण्याची जबाबदारी टाकली आहे. हिपॅटायटिस-बीचे तीन डोस, सुरुवातीला, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. लसीत मावशींनाही धरायचं, कारण पिवळ्या-लाल पिशव्या त्याच उचलतात. असिस्टंटला दिलेली लस आणि मावशींना विसरलेली लस, हे चित्र दुर्मीळ नाही.

कायद्याकडे पाहिलं तर एक गंमत दिसते. ग्रॅच्युइटी, कामगार विमा, प्रसूती रजा, हे सगळं साधारण दहा माणसांच्या पुढे लागू होतं, भविष्य निर्वाह निधी तर वीसच्या पुढे. दुकानं आणि आस्थापनांच्या महाराष्ट्राच्या २०१७च्या कायद्याचीही बहुतेक कलमं इतक्या लहान आस्थापनांना लागत नाहीत. पाच माणसांचा दवाखाना या सगळ्याच्या खालून निघून जातो. मात्र किमान वेतनाला असा उंबरठा नाही, आणि २०१९च्या वेतन संहितेने ते सर्वच रोजगारांसाठी मानलं आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदाही लहान जागेला सोडत नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि तालुक्याच्या पातळीवर तक्रार स्वीकारायला अधिकारी नेमायचा असतो, त्याने ती सात दिवसांत पुढे पाठवायची असते. बंद दाराच्या खोलीत, एक डॉक्टर आणि एक तरुण असिस्टंट, असं ज्या व्यवसायाचं रोजचं रूप आहे तिथे ही माहिती भिंतीवर असायला हवी. ती लावणारा डॉक्टर मी अजून पाहिलेला नाही.

कायदा नसल्याची जागा आपल्याकडे 'घरच्यासारखं' या शब्दाने भरून काढली जाते. 'आमच्याकडे मालक-नोकर असं काही नाही, ती घरचीच आहे.' या वाक्यात खोटं नाही. असिस्टंटच्या मुलाच्या फीला डॉक्टर पैसे देतात, तिच्या सासूला नेऊन दाखवतात, लग्नात जेवायला जातात, आणि हे शहरातल्या क्लिनिकांत क्वचित दिसतं. पण घरच्या माणसाला नेमणुकीचं पत्र नसतं, आठवड्याची सुट्टी मागताना संकोच होतो, रात्री आठपर्यंत थांबलं तर जादा पैसे मागायचे नसतात, आणि पगारवाढीचा विषय काढणं हा कृतघ्नपणा ठरतो. गरजेला दिलेली उचल हिशेबात कुठे संपते आणि उपकारात कुठे सुरू होते ते दोघांनाही ठाऊक नसतं. आपुलकी राहू द्यावी. पण पगार, सुट्ट्या, कामाचे तास, उचल आणि ती फेडण्याची रीत हे एका कागदावर, दोघांच्या सह्यांनी, मराठीत लिहिलेलं असावं. ज्यांनी तसं केलं त्यांची आपुलकी आटल्याचं मला तरी दिसलेलं नाही.

नवरा-बायको दोघं दंतवैद्य असलेल्या दवाखान्यांचा प्रश्न वेगळा, आणि असे दवाखाने बरेच आहेत. सर एक सांगतात, मॅडम दुसरं. असिस्टंट काही दिवसांत ओळखते की कोणाला काय विचारलं तर हवं ते उत्तर मिळेल. रजा, खरेदी, पैसे, लॅब, एकेका गोष्टीचा एकच धनी ठरवून टाकला की निम्मी भांडणं मिटतात, घरचीही.

बाहेरून येणारे सर्जन आणि ऑर्थोचे डॉक्टर हे या गोतावळ्यातले पाहुणे. ते आपली औजारं घेऊन येतात, झटपट काम करून जातात, आणि त्यांनी वापरलेल्या सुया ट्रेवर तशाच राहतात. ज्याने सुई वापरली त्यानेच ती कापून पांढऱ्या डब्यात टाकायची, हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे असं यजमान डॉक्टरने सांगायला हवं. असिस्टंटनं सांगून ते ऐकणार नाहीत.

पैशाबद्दल थोडक्यात. मिळकत रोख आणि मोबाइलवरून, अशी दोन वाटांनी येते. दिवसाअखेरीस दोघांनी मिळून मोजावं, वहीत दोघांच्या सह्या. चोरी पकडायला हे नसतं. दोनशे रुपये कमी पडले की संशयाचं बोट पहिल्यांदा मावशींकडे जातं, तेवढं तरी थांबतं. उधारीचा निर्णय असिस्टंटवर ढकलू नये. तिला गावात राहायचं असतं, आणि 'डॉक्टर गेल्यावर तूच नाही म्हणालीस' हे तिला वर्षभर ऐकावं लागतं. नाही म्हणायचं ते डॉक्टरनंच म्हणावं, हो म्हणायचं श्रेय हवं तर तिला द्यावं.

उरतो तो निरोपाचा प्रश्न. चार-पाच वर्षं शिकवलेली असिस्टंट एक दिवस कल्याणच्या क्लिनिकमध्ये जाते, कारण तिथे पगार बरा आणि लोकल सोयीची. डॉक्टर दुखावतात, अनुभवाचं पत्र द्यायला टाळाटाळ करतात, शेवटचा पगार अडकवतात. दुसरीकडे जाणारीला नव्या बाईसोबत महिनाभर एकत्र काम करायला लावून त्या महिन्याचे पूर्ण पैसे आणि वर एक नीट पत्र देणारे डॉक्टरही आहेत, आणि त्यांच्या दवाखान्यात पुढची बाई सहज मिळते, कारण गावात बातमी पोचलेली असते. त्या पत्राला आता आणखी एक कारण आहे. १९४८च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला, आणि त्यात दंतवैद्यांबरोबर दंत-सहायकांच्याही राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. ज्या बायका कुठल्याही कोर्सशिवाय, एका डॉक्टरच्या उजव्या हाताला उभं राहून शिकल्या, त्यांना उद्या कुठे नाव नोंदवायची वेळ आली तर दाखवायला त्यांच्याकडे दुसरं काहीच नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणतं काम, कोणतं प्रशिक्षण, लसीचे किती डोस, एवढं लेटरहेडवर लिहून नोंदणी क्रमांकासह सही करायला डॉक्टरला दहा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ त्याचे हात मोकळे असतात.